जिन्याखालची भरती

लातूरकडच्या भूकंपानंतरच्या वर्षी आमच्या नेरूळच्या सोसायटीत टांगलेला दिवा जरा हलला तरी माणसं चपला हातात घेऊन खाली उतरत. मी उतरलो नाही. मी भूकंपमापक करायला घेतला.

एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी, त्यामुळे असल्या उद्योगाला लागणारा आत्मविश्वास ज्ञानापेक्षा बराच जास्त. जिन्याखाली एक रिकामी जागा होती. तिथे तीन पायांची लोखंडी चौकट ठेवली. तिला फाटकासारखी झुलणारी आडवी दांडी, दांडीच्या टोकाला वाण्याकडून मिळवलेलं पाच किलोचं वजन. जमीन हलली तरी जड वजन पटकन हलत नाही, आणि त्याला जोडलेली सुई काजळी धरलेल्या कागदावर तेवढी खूण ओढते. कागद एका पत्र्याच्या डब्याभोवती गुंडाळलेला, डबा जुन्या चावीच्या घड्याळावर फिरायचा, बारा तासांत एक फेरा. दांडी उगाच झुलत राहू नये म्हणून तिचं पातं एरंडेलाच्या वाटीत बुडवलं होतं.

"आयुष्यात पहिल्यांदा घरात कुणीतरी एरंडेल मुकाट्याने घेतंय," बायको म्हणाली. काजळी तिच्याच स्टोव्हवर धरली होती, म्हणून मी हसलो.

सेक्रेटरी बँकेत होते. त्यांना ती जागा सायकलींसाठी हवी होती. मी त्यांच्यापुढे छाती काढून सांगितलं, "शांत दिवशी रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ येईल. वाकली, की समजा कुठेतरी धरणी हलली."

"ठीक आहे," ते म्हणाले. "वार्षिक सभेत सरळ रेघ दाखवा, जागा तुमची. नाहीतर सायकली."

पहिल्याच दिवशी रेघ वाकली. धक्का नव्हे, थरथर नव्हे. सुई आपली सावकाश एका बाजूला कलायची, थांबायची आणि तितक्याच सावकाश परत यायची. दिवसातून दोनदा. मला वाटलं, चौकट नीट बसलेली नाही. मागचा स्क्रू अर्धा फेरा पिळला. हा स्क्रू पिळला, की फाटक आणखी हळू झुलतं आणि यंत्राचे कान आणखी तिखट होतात. सुई दुप्पट कलायला लागली. पुन्हा पिळला. सुई कागदाच्या कडेला गेली. जिन्यावरून येणारे-जाणारे विचारू लागले, "काय, आज कितीचा भूकंप?"

मग मी गुन्हेगार शोधू लागलो. पहिला संशय गच्चीवरच्या टाकीवर. टाकी भरली की इमारत दबत असणार. सेक्रेटरींच्या हातापाया पडून एका सकाळी पंप उशिरा लावायला सांगितला. सुईने नेहमीसारखं वळण घेतलंच. तेवढ्यात वरून सेक्रेटरी स्वतः उतरले, पंचा गुंडाळलेले, तोंडाला साबण. "वळली?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं. मी हो म्हणालो. ते तसेच वर गेले. त्यांच्या पाठीकडे बघूनच मला सभेचा निकाल कळला.

दुसरा संशय उन्हावर. पण ऊन वेळेवर येतं. हे वळण मात्र वहीत लिहून पाहिलं तर सोमवारी पाऊण वाजता, मंगळवारी दीडला, बुधवारी सव्वादोनला. शुक्रवारपर्यंत ते पावणेचारवर सरकलं.

शनिवारी अर्धा दिवस होता. जेवून खाली आलो आणि वही उघडून बसलो. सोसायटीच्या फाटकाशी शेजारच्या शिरवणे गावचे एक म्हातारे रोज दुपारी येऊन बसत. सगळे त्यांना बाबा म्हणत. आमची इमारत त्यांच्या भातशेतावर उभी होती. मुलगे आता बांधकामाचे धंदे करत. बाबा मात्र सवयीने शेतावर येत, आणि शेत नसल्यामुळे खुर्चीवर बसत. त्या दिवशी ते उठून आत आले.

"सायब, कवापास्ना बघतंय. ह्यो काटा कवा वलतो?"

मी वही वाचून दाखवली. ते बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होते.

"रोज पाऊन तास मागं," ते म्हणाले. "आज सष्ट. आज साडेचारला वलंल."

"तुम्हाला कसं कळलं?"

"उघाडी मीच बघायचो ना."

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं पाण्याचं दार. ओहोटीला उघडायचं, भरतीच्या आधी लावायचं. चुकलं तर खारं पाणी भातात. बाबांनी ते काम चाळीसेक वर्षं केलं होतं, आणि त्यांचं घड्याळ म्हणजे तिथी. जितकी तिथी तितके पाऊण तास, बाराच्या पुढे मोजायचे, की भरतीची वेळ येते.

आम्ही दोघं सुईसमोर बसलो. साडेचार झाले. सुई कलतच होती. मी बाबांकडे पाहिलं.

"थांब. पानी काय घड्याल बघून फिरत नाय."

पावणेपाचला सुई थांबली आणि परत फिरली.

खाडीत लाखो घागरी पाणी चढत होतं, त्या भाराने भरावाची जमीन केसभर कलत होती, आणि मी दोन आठवडे ते वळण घालवायला स्क्रू पिळत होतो. एखाद्या मोठ्या माणसाने बोलायला तोंड उघडावं आणि आपण त्याला खोकल्याचं औषध पाजावं, तसं झालं होतं.

सभा पुढच्या रविवारी, चतुर्दशीला, सकाळी दहाला होती. मी सरळ रेघेचा नाद सोडला. विषय आला तेव्हा उभा राहिलो आणि म्हणालो, "मंडळी, साडेदहाच्या सुमाराला खाली चला. खाडी आपल्या जिन्याखाली येऊन जाते, ती दाखवतो."

सगळे आले. बाबा आधीच चौकटीशेजारी पाहुण्यांची वाट पाहणाऱ्या यजमानासारखे उभे होते. पावणेअकराला सुई थांबली, वळली. मी टाळ्यांसाठी जरा थांबलोसुद्धा.

"म्हणजे," तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "आपली बिल्डिंग कलते?"

"अगदी केसाच्या—"

"कलते की नाही?"

"कलते. पण परत येते."

"मी फ्लॅट विकायला काढलाय," ते म्हणाले.

यानंतर विज्ञानावर चर्चा झाली नाही. वर जाऊन ठराव झाला, एकमताने. माझी बायकोही त्यात होती. जिन्याखालील वस्तू आठ दिवसांत हलवावी आणि तिच्याविषयी बाहेर वाच्यता करू नये. सेक्रेटरींनी इतिवृत्तात वस्तू असंच लिहिलं. खाली आलो तर बाबा तिथेच होते.

"काय बोलली मंडली?"

"सायकली."

"मंग माज्याकडं चल. मागची खोली मोकली हाय."

हातगाडीवर चौकट घालून आम्ही शिरवण्याला गेलो. जुनं गाव मुरमाच्या उंचवट्यावर आहे. जुन्या लोकांनी घरं त्या घट्ट जमिनीवर बांधली आणि खाली खाडीकाठच्या खारात भात लावला. तिथे स्क्रू बसवले, काजळी धरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कागद उलगडला. रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ.

सेक्रेटरींना नेऊन दाखवावी असं मला फार वाटलं.

बाबा चार दिवस रोज कागद बघत होते. पाचव्या दिवशी म्हणाले, "हितं काय येत नाय."

"बाबा, हेच तर पाहिजे होतं. आता भूकंप आला तर स्वच्छ दिसेल."

"तो कवा येनार?"

"ते सांगता येत नाही."

"आनि भरतीचं तर सांगता येतं," ते म्हणाले. चौकटीकडे नव्हे, मागच्या स्क्रूकडे बघत.

मी खाली वाकलो आणि तो पाव फेरा पिळला. मग आणखी पाव.