आनंदराव सॉर्टरांची उलटटपाली उत्तरं

आमच्या दौंडच्या वॉर्डात निम्म्या घरांचा ईमेल पत्ता एकच आहे, आनंदरावांचा. फॉर्म भरणारा विचारतो, "मेल आयडी?" आणि माणूस बिनधास्त सांगतो, "आबांचाच टाका." आबांनी एकतीस वर्षं रेल्वेच्या टपालडब्यात सॉर्टर म्हणून उभ्यानं पत्रं लावली. डबा हलतोय, पाकिटावरचं गाव ओळखायचं आणि बरोबर कप्प्यात भिरकावायचं. निवृत्त झाले, पण हात थांबला नाही. कुणाचा मेल आला की घरी जाऊन निरोप देतात.

घोळ झाला तो त्यांच्या इमानामुळं. टपालात एक शिस्त होती: पत्र फेकायचं नाही, मालक सापडला नाही तर पाठवणाऱ्याला परत. म्हणून "अभिनंदन, तुम्हाला मोटार लागली आहे" असा मेल आला की आबा उलटटपाली लिहायचे, "महोदय, सदर पत्र चुकून इकडे आले आहे. योग्य पत्त्यावर पाठवावे. आपला, आनंदराव." एकेकाला!

"आबा, हे भामटे एका झटक्यात लाखभर पत्त्यांवर तेच पत्र सोडतात," मी ओरडलो. "त्यातले कितीक पत्ते बंद पडलेले. तुम्ही उत्तर दिलं की त्यांना कळतं, इथं माणूस हाय. मग तुमचा पत्ता पुढं विकतात."

"माणूस हाय म्हणून कळवलं, त्यात काय गुन्हा?"

"दिवसाला दोनशे मेल येतात!"

"मग? एका फेरीत सहा हजार लावायचो."

माझं डोकं सरकलं. त्यांच्या हातातला फोन ओढला आणि अनोळखी दिसेल त्या मेलला 'स्पॅम', 'स्पॅम' करत सुटलो. इनबॉक्स लख्ख केला आणि छाती फुगवून घरी गेलो. ही दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट.

शेजारच्या रंभाची गौतमी एका सरकारी खात्याच्या लिपिक भरतीत लेखी परीक्षा पास झाली होती. पुढची पायरी कागदपत्रांची पडताळणी. प्रत्येकाला वेगळी तारीख, ती हुकली की नाव कटलं. वेबसाईटवर नुसतं एवढंच, की पत्र मेलवर पाठवले आहे. रंभा रोज दारात. "आबा, आलं का?" "न्हाई, बाई."

मंगळवारी दुपारी आलं. मीही तिथंच होतो. "प्रिय उमेदवार, दोन तासांत शुल्क भरा, अन्यथा निवड रद्द." रंभानं लगेच पैसे पाठवायला फोन काढला.

"थांब रंभे," आबा म्हणाले. "गौतमी, तुझ्याबरोबर ती कवठे येमाईची पोरगी हुती ना, मोनिका? तिला पत्र आलंय म्हणत हुतीस. लाव फोन."

मोनिका फोनवर पत्र वाचायला लागली, तर आबांनी मध्येच तोडलं. "मजकूर नको, पोरी. पाठवणाऱ्याचा पत्ता सांग. एकेक अक्षर." त्यांनी तो कॅलेंडरच्या मागं उतरवला आणि त्याखाली आपल्याकडं आलेल्याचा. "बघ. तोंड तेच, शेपूट निराळी. शिक्का बोगस हाय."

रंभानं फोन पदराखाली घातला. "मग खरं कुठं गेलं?"

मी खरा पत्ता टाकून शोधलं. काहीच नाही. तेव्हा ध्यानात आलं. स्पॅममध्ये गेलेलं त्या शोधात येतच नाही. मशीन माणसाच्या अंगठ्यावरून शिकतं. त्या खात्याच्या दोन जाहिराती मीच कचऱ्यात लोटल्या होत्या. पुढं तिथून हजारो जणांना नुसती तारीख बदलून एकसारखं पत्र निघालं, वर कुणाचं नाव नाही, आणि मशीननं तेही परस्पर लोटलं. भामट्याचा पत्ता नवा कोरा, तो थेट आत.

"कुणी घातलं कचऱ्यात?" रंभानं विचारलं.

"मी."

"वा भाऊ! जगाला अक्कल वाटत हिंडता, आन् माझ्या लेकीचं पत्र उकिरड्यावर!"

लोकांच्या कामांसाठी तहसीलदारासमोर टेबल वाजवणारा मी, मान खाली घालून स्पॅमचा कप्पा उघडला. मोनिकाचं पत्र येऊन सत्तावीस दिवस झाले होते, आणि स्पॅममधलं तीस दिवसांनी आपोआप पुसलं जातं. वर तारीख गेलेली असेल तर संपलंच. आत चार हजारांवर मेल. मी अंगठा सरकवायला लागलो, आबांनी फोन काढून घेतला.

ते उभे राहिले. बसून त्यांना जमत नाही. विषय वाचत नव्हते, फक्त पाठवणारा. लॉटरी, कर्ज, केसांचं तेल, लॉटरी. गौतमी दारापर्यंत जायची, परत यायची, ओढणीचं टोक चावायची. "बस की गं," रंभा म्हणाली आणि स्वतःच उठून फिरायला लागली. पाऊण तास गेला.

"घे. वाच."

तारीख उद्याची. सकाळी दहा, पुणे. सगळे मूळ कागद.

गौतमीचा चेहरा उतरला. "आबा, जात वैधतेचं मूळ प्रमाणपत्र भांडगावला हाय. चुलत्यानं त्याच्या सम्राटच्या फॉर्मला नेलंय."

कुणी मला सांगितलं नाही. मी गाडीला किक मारली. हायवेला ट्रकांची रांग, सम्राट प्रमाणपत्र दप्तरात घालून क्लासला गेलेला, त्याच्या क्लासच्या दारात मी ताटकळत उभा, डोक्यात रंभाचं बोलणं घणघणत. अंधार पडायच्या आत कागद आणून गौतमीच्या हातात दिला. थँक्यू म्हणाली नाही. बरोबरच आहे.

दुसऱ्या दिवशी साडेअकरापर्यंत रंभाचा फोन वाजला नाही. आबा मात्र चष्मा लावून स्पॅमच चाळत होते. एकदम थांबले.

गौतमीनं पुण्याला जाताना गाडीत बसून स्वतःचा मेल आयडी उघडला होता. त्यावरून आलेला मेल बिनविषयाचा, म्हणून मशीननं तोही कचऱ्यात टाकलेला. आत एकच ओळ. "आबा, कागद तपासले, सगळे बरोबर निघाले."

आबांनी तिथंच, उभ्याउभ्या, उलटटपाली उत्तर लिहिलं. "पत्र योग्य पत्त्यावर पोचले. आपला, आनंदराव."