वॉर्डनबाईंना घातलेला हार

मी आखातात निघाले तेव्हा मला सोडायला सहार विमानतळावर बाबांच्या जलशाची, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची अख्खी मंडळी आली होती. ढोलकी घाटकोपरलाच ठेवली, एवढं नशीब. पहाऱ्यावरच्या शिपायाने विचारलं, लग्नाचं वऱ्हाड काय? बाबा म्हणाले, "पोरगी नर्सिंगची डिग्री घेऊन चाललीय. घरातली पहिली." आईने पासपोर्ट जिवापाड सांभाळ म्हणून बजावलं.

दुसऱ्याच दिवशी तो हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंच्या कपाटात गेला. सगळ्यांचेच जात.

तुम्हा मागे राहिलेल्यांना वाटायचं, पोरगी एसीत बसलीय. एसी होता, खोटं कशाला बोलू. पण ड्युटी संपली की हॉस्टेल, आणि हॉस्टेलला बाहेरून कुलूप. माझ्यासारख्या गेलेल्यांना हे सांगायला नको. दुसऱ्या वर्षी तार आली, बाबांना अर्धांगवायूचा झटका आलाय. रजा मंजूर झाली, पासपोर्ट काही मिळेना. वॉर्डनबाई रोज म्हणायच्या, बघू.

माझी रूममेट लूझ फिलिपिन्सची. तिच्या गावी चर्चच्या आवारात राज्यकर्त्यांवर गाण्यांची नाटकं होतात. पोलीस आधी टाळ्या वाजवतात, मग पकडून नेतात, असं ती हसत सांगायची. मी म्हटलं, आमच्याकडे आधी हार घालतात. बाबांच्या जलशाची रीतच ती. ज्याला टोचायचं त्याला मानाने बोलवायचं, पहिल्या रांगेत खुर्ची द्यायची, गळ्यात हार घालायचा. हार घातलेला माणूस मधेच उठून जाऊ शकत नाही. ऐकूनच घ्यावं लागतं.

नर्सेस डेला आम्ही जलसा उभा केला. हिंदी, इंग्रजी, मल्याळम, सगळ्याची भेळ. लूझ झाली कपाट: अंगावर चादर, आत उश्या, पासपोर्ट गिळून गिळून पोट फुगलेलं. मी ओळ टाकायची आणि मागच्या झीलकऱ्यांनी तिचा शेवटचा शब्द उचलून धरायचा. तो शब्द लूझच्या भाषेतला ठेवला, 'इबालिक'. म्हणजे परत दे. केरळच्या पोरींनी तो उचलला, श्रीलंकेच्या दोघींनी उचलला, मग समोरच्या सगळ्या हॉलनेच. वॉर्डनबाई हार घालून शेवटपर्यंत बसल्या.

सकाळी पासपोर्ट हातात आला, व्हिसा रद्दचा शिक्का मारून. "घरी जायचं होतं ना? जा," म्हणाल्या. गेले. नोकरी गेल्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पुढे लूझने कळवलं, आता रजेवर निघालेलीला पासपोर्ट मागितल्या दिवशी मिळतो.

बाबा वाचले होते, पण जीभ जड झाली होती. मी कॉटशी बसून त्यांना सगळा जलसा करून दाखवला. कपाटाच्या पोटाला ते हसले, तोंडाच्या एकाच बाजूने.

आता मी मस्कतला असते, पासपोर्ट माझ्या उशाखाली. तुझं घर कुठलं, असं इथे कोणी विचारलं की मला मी परतले त्याच्या पुढच्या वर्षीचा जयंतीचा मंडप आठवतो. वस्तीचा नळ महिनाभर बंद होता. वॉर्ड ऑफिसचे साहेब हार घालून पहिल्या रांगेत बसले होते, शेजारच्या खुर्चीवर बाबा. शाहिराने नळाची ओळ टाकली आणि आमच्या काकू, मावश्या, पोरंटोरं, सगळ्यांनी झील धरली: इबालिक, इबालिक. बाबांचेही ओठ हलत होते.

साहेबांनी मागे वळून आईला विचारलं, हा शब्द कुठला हो?

आई म्हणाली, "इथलाच, साहेब. घाटकोपरचा."