तोंड आत करून लावलेली गाडी

पौषातले धुके अजून निंबाच्या फांद्यांत अडकून बसलेले असते आणि आमच्या गल्लीत एकामागून एक शटर वर जाऊ लागतात. आधी थंडीने आखडल्यासारखी एक बारीक कुरकुर, मग लोखंडाची लांबलचक घरघर, आणि सगळे वर गेल्यावर एक समाधानाचा ठोका! या नादाशी माझे इतके सख्य जुळले आहे की उजाडल्याची खूण मला उजेडापेक्षा आधी त्याच्यातून पटते. प्रत्येक घरापुढच्या उतरत्या रॅम्पवर दवाने न्हालेली गाडी उभी असते. तिच्या बॉनेटवर सहज बोट टेकवावे, तर गारवा थेट कोपरापर्यंत चढतो.

शटर उघडले की आतून गाडी बाहेर पडेल, असे नवख्या पाहुण्याला वाटावे. पण गाडी तर रात्रभर बाहेरच कुडकुडत असते! मग आत असते कोण? चढ्ढांच्या गॅरेजात शिलाईची यंत्रे आहेत आणि चढ्ढा वहिनींच्या हाताखाली शिकून तयार झालेल्या मुलींचा किलबिलाट आहे. भट्टाचार्यबाबूंच्या गॅरेजात होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या आणि रोगापेक्षा गप्पांसाठी आलेले रोगी. कोपऱ्यावरच्या घरात सकाळ-संध्याकाळ गणिताचा क्लास. घरातली सर्वांत चकाकणारी, सर्वांत लाडकी वस्तू उन्हाधुळीत सोडून द्यायची आणि तिच्यासाठी हौसेने बांधलेले छप्पर दुसऱ्याच कुणाला तरी द्यायचे, याला खुळेपणा म्हणावे की औदार्य? मला विचाराल तर या उपनगराच्या मनाचा मोठेपणा त्याच्या दिवाणखान्यांत नाही, तो या गॅरेजांत आहे. आणि हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या घरात तो घडताना मी डोळ्यांनी पाहिला आहे.

नव्वदच्या दशकातले ते दिवस आठवतात का तुम्हाला? गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणारा देश एकाएकी गाड्यांच्या दुकानांच्या काचांना नाक लावून उभा राहिला होता. मी आणि माझा नवरा सुधीर, दोघेही दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत. सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांचे एक ठरलेले पालुपद असे: रिटायर झालो की पुण्याला जायचे. पडदे घेताना, कपाट घेताना, फार काय, तुळस लावतानाही आम्ही ते म्हणत असू. तरीही सुधीरने यमुनेपलीकडे, मोहरीची शेते सरत नव्हती आणि सेक्टर नीट सुरू होत नव्हते अशा ठिकाणी, नोएडात घर बांधले. पुराच्या धास्तीने ठेकेदाराने जोते असे उंच उचलले की तळमजल्याच्या दारात जायलाही पायऱ्यांची रांगच चढावी लागे. रस्त्याच्या पातळीला, जेमतेम एका रॅम्पपुरते वर, काय ते एकटे गॅरेज. सुधीरने त्याची फरशी स्वतः निवडली, खिडकी कोणत्या बाजूला हवी यावर ठेकेदाराशी वाद घातला. गाडी आली, छोटीशी, पांढरीशुभ्र. तिला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला, गल्लीत जिलबी वाटली. जेवण झाले की सुधीर खाली जाऊन तिला एकदा बघून येई. पाळण्यातल्या बाळाला बघावे तसा! मी थट्टा करी, तो हसे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाई.

त्याच वर्षी सुधीरच्या वडिलांचा, आमच्या नानांचा, डावा पाय लुळा पडला. नाना म्हणजे वाईजवळच्या गावचे, उभा जन्म एसटीची लाल गाडी चालवलेले चालक. खंबाटकीच्या घाटाशी त्यांची अशी काही सलगी की त्याचे नाव ते शेजाऱ्याचे घ्यावे तसे घेत. सासूबाई जाऊन बराच काळ लोटला होता. गावच्या घरात नाना एकटे, आणि ते घर त्यांना सोडवत नव्हते. सुधीर जाऊन त्यांना घेऊन आला. पण आमच्या दाराशी येताच त्या पायऱ्यांनी दगा दिला. दोघातिघांनी उचलून वर न्यायचे, उचलून खाली आणायचे. ज्याने आयुष्यभर गाडीभर माणसे वाहून नेली, त्या माणसाला स्वतःचे असे ओझे होणे कसे सोसावे? चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी जेवणाचे ताट बाजूला सारले आणि म्हणाले, “सुधीर, मला गावाला न्हेऊन सोड.”

सुधीरचा चेहरा उतरला. गावाला त्यांना पाणी द्यायलाही कुणी नव्हते, हे त्याला ठाऊक होते आणि नानांनाही. तो उठला, खाली गेला आणि मी सज्ज्यातून पाहिले, त्याने गाडी गॅरेजातून बाहेर काढली. मला वाटले, रागाने कुठेतरी निघाला. पण गाडी रॅम्पवर उभी करून तो परत आत शिरला आणि केरसुणी घेऊन फरशी झाडू लागला. त्या आठवड्यात भिंतींना चुना लागला, कोपऱ्यात न्हाणी झाली, खाट आली, गावाहून आणलेला देवांचा फोटो टांगला गेला. नानांनी सगळे पाहून कपाळाला आठ्या घातल्या. “मी काय गाडी हाय व्हय, गॅरेजात लावायला?” त्यावर मीच म्हणाले, “नाना, इथे पायरी नाही. तुमचे तुम्ही रस्त्यावर जाऊ शकाल.” ते वॉकर टेकत उंबऱ्यापर्यंत गेले. उंबरा नव्हताच! समोर रस्ता होता. त्याच्याकडे पाहत म्हणाले, “होळीपातूर ऱ्हातो. मंग कुनी अडवायचं न्हाई.”

अशी आमची गाडी बेघर झाली. ती बेघर झाल्याने काय काय झाले म्हणून सांगू! ज्येष्ठातल्या लूने, त्या भाजून काढणाऱ्या वाऱ्याने, तिचे स्टिअरिंग असे तापे की सुधीर रुमाल धरून गाडी चालवी. आंधीच्या धुळीने पांढरी गाडी मातकट होई. एकदा चारही व्हीलकॅप चोरीला गेल्या. सुधीर करोल बागेत जाऊन नव्या घेऊन आला आणि त्यातल्या एकीवर आपल्याच जुन्या ओरखड्याची खूण पाहून पोट धरून हसला. गल्लीतले लोक म्हणत, “भाईसाहब, नई गाड़ी को ऐसे बाहर?” तो म्हणे, “हवा लगनी चाहिए उसको.” गाडीवरचे त्याचे प्रेम तसूभरही आटले नव्हते, हे मी जाणते. रोज पिवळ्या फडक्याने तो तिला पुसे. पण बाळासारखी जपलेली ती गाडी ज्या सहजतेने त्याने उन्हात ठेवली, ती सहजता पाहून मला माझ्या नवऱ्याचा फार अभिमान वाटला. आजही वाटतो.

फक्त एका गोष्टीवरून बापलेकांचे रोज वाजे. सुधीर ऑफिसातून येई आणि गाडी सरळ रॅम्पवर चढवून मोकळा होई. खुर्चीत बसलेले नाना लगेच काठी आपटत. “त्वांड बाहेर कर.” डेपोतला त्यांचा रिवाजच तसा होता. जिला उद्याची फेरी, तिचे तोंड फाटकाकडे. जिची फेरी नाही, ती भिंतीकडे तोंड करून विसावणार. “निघायचं म्हटलं की निघता आलं पायजे,” असे ते म्हणत, आणि ते कुठे निघायचे म्हणतात हे तिघांनाही कळत असे. सुधीर निमूटपणे गाडी पुन्हा रस्त्यावर नेई आणि मान वळवून वळवून ती उलटी चढवी. नाना “येऊ दे, येऊ दे” म्हणत आणि मागच्या काचेवर काठीने दोनदा टकटक करीत. रोज संध्याकाळी, कुंड्या वाचवत, आमची गाडी नानांच्या गावाकडे तोंड करून उभी राही. सुधीरच्या मनात काय होत असेल? एकदा तो जिन्यात मला हळूच म्हणाला, “रोज मीच त्यांना निघायला तयार करून ठेवतो बघ.”

मग थंडी आली आणि दाट धुके आले. शाळेची बस आमच्याच फाटकापाशी थांबे. गल्लीतली पोरे टोप्या-मफलरांत गुरफटून रस्त्याकडेला काकडत असत, त्यांना नानांनी एका सकाळी काठीनेच आत बोलावले. तेव्हापासून ते गॅरेज म्हणजे बसथांबा झाला! शेगडी पेटलेली, खाटेवर दप्तरांचा ढीग, नानांचे घाटातले पराक्रम मोडक्यातोडक्या हिंदीत चाललेले, आणि पोरांचे “फिर क्या हुआ, दादाजी?” धुक्यात हातभर पलीकडचे दिसत नसे, पण नाना मधेच गोष्ट थांबवून म्हणत, “आली,” आणि खरोखरच थोड्या वेळाने पिवळे दिवे उगवत. बसचा चालक नानांना बघून दोन छोटे हॉर्न देई. नाना हात वर करीत. एका चालकाने दुसऱ्याला घाटात द्यावी तशी ती सलामी! मी वरून पाही आणि मनात म्हणे, देवा, ही होळी जरा उशिरा येऊ दे.

होळी का कुणाच्या सांगण्याने थांबते? शिमगा जवळ आला, सुधीरने जड हाताने तिकिटे काढली, नानांची वळकटी बांधून झाली. होळीच्या आदल्या दिवशी मी अर्धी सुट्टी घेऊन घरी आले, तर दुपारच्या बसमधून उतरलेली पोरे नानांना गुलाल फासत होती. त्यांच्यात चढ्ढांची नात होती, दात पडलेली, बोलकी. तिने वळकटीकडे पाहिले आणि विचारले, “दादाजी, अगली सर्दी में फिर कोहरा आएगा ना? तो हम बस का वेट कहाँ करेंगे?” पोरे घरोघर गेली. नाना गुलालाने माखलेला चेहरा न पुसताच रस्त्याकडे बघत बसले. मी चहा ठेवला, तो तसाच निवला.

संध्याकाळी सुधीर आला. सवयीने गाडी सरळ चढवली, आणि काठी आपटायच्या आतच उलटी घेण्यासाठी गिअर टाकू लागला. तेवढ्यात नाना म्हणाले, “ऱ्हाऊ दे आज. फिरवू नगंस.” सुधीरने खिडकीतून मान बाहेर काढली. नाना त्याच्याकडे न पाहता गाडीच्या दिव्यांकडे पाहत होते. “त्वांड आतच असू दे.”

डेपोच्या चालकाच्या मुलाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. सुधीरने इंजिन बंद केले आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो तसाच बसून राहिला. मी पायरीवर उभी होते. माझे डोळे भरून आले, आणि मी ते पुसलेही नाहीत. मग तो उतरला, पिवळे फडके घेतले आणि स्वच्छच असलेली काच पुसू लागला. नाना म्हणाले, “च्या गरम कर पोरी, दोघांना.” वळकटी मी दुसऱ्या दिवशी सोडली.

त्यानंतर नाना आमच्याकडे कितीतरी हिवाळे राहिले, आणि गेले तेही तिथेच, शटर वर असताना, रस्त्याकडे तोंड करून. चढ्ढांची नात आता आपल्या लेकराला सोडायला येते. पोरे अजून आमच्याच गॅरेजात बसची वाट बघतात, शेगडी आम्ही पेटवतो. आणि आम्ही? आम्हीही रिटायर झालो. पुण्याचे नातेवाईक विचारतात, कधी येताय? इतकी वर्षे ओठांवर असलेले ते पालुपद कधी गळून पडले, ते मला नेमके सांगता यायचे नाही. पण त्याची सुरुवात त्या संध्याकाळी झाली असावी. आम्ही दिल्लीची मराठी माणसे जन्मभर फाटकाकडे तोंड करून उभी. कुठेतरी मुक्काम करायचा असतो, हे आम्हाला एका पाहुण्याने शिकवले!

आज पहाटे शटर वर गेले. धुक्यात गाडी उभी होती. ती पांढरी नव्हे, तिच्यानंतरची तिसरी. पण सुधीर तिलाही तशीच लावतो. सकाळी घाईत मागे घेताना अधूनमधून एखादी कुंडी फुटते, मी ओरडते, तो हसतो. मी बॉनेटवर बोट टेकवले. गारवा कोपरापर्यंत चढला. दवात भिजलेले तिचे दोन्ही दिवे आमच्या घराकडे बघत होते.