पाठीवरचा कळंब

कोल्हापूरहून निघताना बॅगेत दोन पैठण्या होत्या. नागोयात उतरल्यावर कळलं, लग्नात वधूच्या आईने काळा किमोनो घालायचा असतो.

“काळा? लग्न आहे की संक्रांत?”

“आई, प्लीज. केंताच्या आई किती प्रेमाने म्हणाल्यात,” मृण्मयी म्हणाली. माझी लेक इथे मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर आहे. केंता तिचा होणारा नवरा.

दुसऱ्या दिवशी भुयारी रेल्वेने आम्ही भाड्याच्या किमोनोच्या दुकानात गेलो. विहीणबाई, ओसाकाच्या नोरिको-सान, स्वतःचा किमोनो घेऊन आल्या होत्या. पाठीवर पांढरं फूल: ओन्ना-मोन (बायकांचं कुलचिन्ह). आईकडून लेकीला, लेकीकडून नातीला. सासरचा त्यात हात नाही. स्कॉटलंडच्या सहलीत ऐकलं होतं, तिथे बाईचं चिन्ह ढालीवर नाही, शंकरपाळ्याच्या आकारात काढायचे. ढाल लढणाऱ्या पुरुषांची. इथे जपानात बायकांच्या चिन्हाचं मापच तेवढं पुरुषांपेक्षा लहान. म्हणजे काटछाट सगळीकडे आहेच!

“ओकासान (आई), तुमचं चिन्ह कोणतं?” दुकानातल्या बाईंनी विचारलं. “नसेल तर सर्वांना चालणारं एक असतं.”

सर्वांना चालणारं? लेकीच्या लग्नात मी उसनं चिन्ह मिरवायचं? मला चांगलीच झोंबलं. आमच्यात देवक असतं (लग्नात पुजायचं कुळाचं झाड). पण मला ठाऊक होतं ते सासरचं आणि वडिलांचं. आईच्या माहेरचं कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तिथूनच फोन लावला.

“आई, तुझ्या माहेरचं देवक कोणतं गं?”

“लग्नानंतर मला हे कुणी विचारलंच नाही बघ. कळंब. माझ्या लग्नात दादानं डहाळी आणलेली.”

दुकानात चिन्हं काढणाऱ्या आजोबांना मृण्मयीने कळंबाचा (कदंबाचा) फोटो दाखवला. त्यांनी कंपासने गोल फूल काढलं. पहिल्यांदा हुबेहूब बेसनाचा लाडू झाला! दुसऱ्यांदा खाली दोन पानं आली आणि कळंब फुलला. ते कापडी चिन्ह त्यांनी किमोनोवर चिकटवून दिलं.

लग्नात नोरिको-साननी मला नातेवाइकांसमोर पाठमोरं उभं केलं. “हे यांच्या आईचं,” त्या म्हणाल्या. मृण्मयीने मला ते मराठीत सांगितलं, तोवर तिकडच्या सगळ्या बायका कमरेत वाकल्या होत्या. सासरच्या, माहेरच्या कुठल्याच मानपानात मला एवढा आनंद झाला नव्हता. काळ्या रंगाचा राग तिथेच गेला.

किमोनो परत दिला, चिन्ह सोडवून आणलं. कोल्हापुरात आईच्या हातावर ठेवलं. तिने त्यावरून बोट फिरवलं.

“पुढं हे मृण्मयीचं?”

“तिचंच. देवघरात ठेवू?”

“देवघरात कशाला? माझ्या चोळीच्या पाठीवर लाव,” आई म्हणाली. “सगळ्यांना दिसू दे.”