मटार, माइक आणि सुमित्रामावशी

सुमित्रामावशी मेश्राम हसायला लागली की चार्टर्ड बसचा ड्रायव्हरसुद्धा आरशातून बघायचा. नव्वदच्या दशकात गाझियाबादेत नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या आणि दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातली सरकारी क्वार्टर्स सोडून आमच्यासारखी मराठी कुटुंबं हक्काच्या फ्लॅटात राहायला जात होती. ऑफिसला ने-आण करणारी ती बस म्हणजे आमचं अंगणच. हिवाळ्यात परतीच्या वाटेवर बायका मांडीवर पिशव्या घेऊन मटार सोलायच्या. तिसऱ्या सीटवर मावशी आणि माझी आई, हेमलता. मागे मी, कॉलेजातली. मावशीचा एक दाणा पिशवीत, तर दुसरा तोंडात.

"सुमित्रा, भाजीला काही उरू दे गं!" आई दटावायची, आणि मावशी आणखी मूठभर उचलायची. काय सुखाचे दिवस होते! आता गाड्या आल्या, मेट्रो आली, सोललेले मटारही पाकिटात मिळतात. मला त्यांची चव लागत नाही.

मावशी नागपूरची, बौद्ध, एका मंत्रालयात असिस्टंट. सोसायटीची पाण्याची टाकी कुणी धूत नाही म्हणून ती कमिटीच्या निवडणुकीला उभी राहिली आणि चक्क निवडून आली. अध्यक्ष भाऊसाहेबांना ते झोंबलं. भाऊसाहेब म्हणजे बाबांचे जुने साहेब. त्यांच्याच शब्दावर आम्हाला सोसायटीत जागा मिळाली होती.

त्या संक्रांतीला गच्चीवर सगळी सोसायटी जमली. भाऊसाहेबांनी माइक घेतला, मावशीच्या जातीचं नाव उच्चारलं आणि म्हणाले, "अब ये लोग टंकी को हाथ लगाएंगे. पानी उबालकर पीना, भाई!" काही जण फिदीफिदी हसले. मावशी तिळगुळाचा डबा न उघडताच खाली निघून गेली.

जातीवरून चारचौघांत अपमान करणं हा गुन्हा ठरवणारा कायदा तोवर आला होता. मावशीने तक्रार द्यायचं ठरवलं. पण ते शब्द ऐकणारं कुणीतरी सोबत उभं राहायला हवं होतं. आणि चमत्कार बघा! ज्या माइकचा आवाज पलीकडच्या ब्लॉकपर्यंत गेला, तो गच्चीवरच्या एकाच्याही कानात शिरला नव्हता. कुणी चहा घ्यायला गेलं होतं, कुणाचं मूल रडत होतं. एवढी बहिरी सोसायटी मी पुन्हा पाहिली नाही.

भाऊसाहेबांच्या पत्नी, सुहासिनीबाई, वाटी घेऊन मावशीच्या दारात आल्या. "तिळगूळ घ्या, गोड बोला. झालं गेलं विसरा, सोसायटीची बदनामी होते."

"वहिनी," मावशी म्हणाली, "गोड बोलायचं मी विसरले होते का?"

आमच्या घरी बाबा आईला बजावत होते, "ज्यांच्यामुळे घर मिळालं, त्यांच्यावर उलटायचं?" आई पोळ्या लाटत राहिली. मावशीने तिच्याकडे एका शब्दाने काही मागितलं नाही. ती फक्त बसमध्ये मागे जाऊन एकटी बसायला लागली. आईच्या शेजारची ती रिकामी सीट बघून माझा जीव तुटायचा.

मग एका संध्याकाळी मागून मावशीचा आवाज आला, "भैया, पुलिस चौकी पर रोकना."

बस थांबली. मावशी उतरली. आईने अर्धवट सोललेले मटार माझ्या मांडीवर टाकले आणि ती उठली. "रुकिए भैया, मैं भी उतर रही हूं."

"तू कशाला?" मावशी खालून म्हणाली. "घरी काय सांगशील?"

"जे ऐकलं तेच. इथे सांगेन आणि घरीही."

पुढे केस रेंगाळली. भाऊसाहेबांनी आमच्याशी बोलणं टाकलं, बाबाही बरेच दिवस धुसफुसले. पण चौकीच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मावशी तिसऱ्या सीटवर येऊन बसली. जरा अवघडलेलीच होती, हात मांडीवर ठेवून. आईने सोललेल्या मटारची पिशवी तिच्यापुढे सरकवली.

"खा गं," आई म्हणाली. "भाजीचं काय ते बघू."