कानावर बांधलेला रुमाल

त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही सुरतेत, डिंडोलीला राहत होतो. मी मराठी शाळेत शिकवायचे, नवरा जवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात होता. मूल नव्हतं. एक पांढरा पॉमेरियन होता, तोच आमचं सगळं. उन्हाळ्यात त्याच्या कानांमागे केसांच्या गाठी झाल्या, म्हणून मी त्याला जवळच्याच एका माणसाकडे नेलं. तो मूळचा धुळ्याकडचा. पूर्वी जनावरांच्या डॉक्टरकडे कंपाउंडर होता, आता घराच्या पुढच्या खोलीत कुत्र्यांना आंघोळ घालायचा, केस कापून द्यायचा.

"बाई, बिनधास्त जा. घरचं लेकरू समजून करतो," तो म्हणाला.

दुपारी आणायला गेले तर कुत्र्याच्या डोक्याला, दोन्ही कान झाकून, लाल फुलाफुलांचा रुमाल बांधलेला. "आजचा दिवस सोडू नका, केस छान बसतात," म्हणाला. मला इतकं कौतुक वाटलं की मी त्याचे दोनदा आभार मानले. ते आभार मला आजही टोचतात.

घरी येईपर्यंत रुमाल ओला झाला होता. सोडून बघते तर डाव्या कानाचं टोक जागेवर नाही. वर हळद दाबलेली.

डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, "कात्रीनं कापलंय हे." टाके घातले. मी तशीच उठून त्या माणसाकडे गेले. तो माझ्याकडे न बघता कंगव्यातले केस काढत होता.

"माझ्याकडून गेला तेव्हा धड होता. तुमच्या घरी दारात सापडला असेल कान."

"मग हळद कुणी लावली?"

"मला काय माहीत?"

चूक झाली म्हणाला असता तर मी रडून परत आले असते. पण तो खोटं बोलला, तेही रुमाल बांधून.

पुढच्या रविवारी सकाळी मी कुत्र्याला घेऊन त्याच्या दारासमोरच्या ओट्यावर जाऊन बसले. कानाला पांढरी पट्टी. कुणी कुत्रा घेऊन आलं की विचारायचंच, "शुं थयुं, बेन?" मी शांतपणे सांगायचे. शाळेत धडा सांगते तसं, एकही शब्द न वाढवता. लोक तिथूनच मागे फिरायचे. तो खिडकीतून बघायचा. मला ते बघणं फार आवडायचं.

असे पाच रविवार गेले. नवरा म्हणाला, "आता पुरे. पोटावर पाय देतेस त्याच्या." मी कुत्र्याच्या कानाची पट्टी बदलायला घेतली.

सहाव्या रविवारी तो बाहेर आला, हात जोडून. "बाई, मन्ही चूक शे. हात घसरला. घाबरलो मी."

"मोठ्यानं सांगा."

त्यानं सांगितलं. शेजारच्या दोन गुजराती बायका दारात आल्या होत्या. मी म्हटलं, "त्यांना कळेल असं सांगा." तो खाली बघत म्हणाला, "मारी भूल थई गई." आवाज फाटला होता. मला दया आली नाही. उलट अंगात गार गार वाटलं.

आणि तरीही मी सातव्या रविवारी गेले. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, बायकोला घेऊन गावी गेला, आता हे काम करणार नाही म्हणत होता.

मी ओट्यावर टेकले तेव्हा कुत्रा माझ्या साडीच्या निऱ्यांत तोंड खुपसून थरथरत होता. दार बंद असूनही. मग लक्षात आलं, तो पहिल्या रविवारपासून असाच थरथरत होता. मी दर वेळी साखळी आवळून धरत होते, पट्टी लोकांना नीट दिसावी म्हणून.

त्याला उचलून घरी आणलं. वाटभर साखळी सैल लोंबत होती.