राज्यकारभाराच्या तासाला पापड

बायांनो, डोकं तापलंय म्हणून चूल पेटवायच्या आधी मंडळाच्या फळ्यावर हे लिहितेय. चुका झाल्या तर झाल्या.

माझी सिंधू शहाद्याच्या हायस्कुलात जाते. आज पोर घरी आली ती हाताला उडदाचं पीठ घेऊन! इतिहास अन् राज्यकारभाराच्या तासाला गुरुजी वर्गातल्या दोन्ही पोरींना स्वतःच्या घरी पापड लाटायला धाडतात म्हणे. इकडे तिचा बाप सांगून बसलाय, नापास झाली की शाळा बंद, लग्न.

तशीच शाळेत गेले. गुरुजी हसले. "बाई, राज्य इंग्रजांचं. पोरींना कुठं चालवायचंय?"

मी म्हटलं, "गुरुजी, आमन्या पोरीस्नी तुमना पापड लाटात. आते आमना लाटाले तुम्हीन कव्हय येतस?"

आपली रीतच आहे, ज्यांनी आपले पापड लाटले त्यांचे आपण लाटून द्यायचे; मग आपले लाटायला गुरुजी कधी येणार, एवढंच विचारलं. गुरुजींचं हसू गेलं. पण पोरींना वर्गात बसवतो, असं काही बोलले नाहीत.

उद्या त्या तासाला मी वर्गाच्या दारात बसणार. पोरींना धाडायचं तर मला ओलांडून धाडा म्हणावं.

सोबत कोण येतंय? खाली नाव लिहा. लिहिता येत नसेल तर चुन्याचं बोट उठवा.